चाळीस अंशांवर

फोंडा. दुपार. पाणी अजून अडतीसवर;
चाळीस होईतो तेलाला हात लावायचा नाही.

नमुना सतरा. बाटलीवर नाव नसतं,
पण बुचाभोवतीची केळीच्या सोपाची गाठ मी ओळखते :
बोरीची शेवतूकाकी अबोलीच्या वळेसराला अशीच मारते.
घाणा तिच्या घोवाचा.

दोन लोलकांमध्ये एक थेंब.
खाली काळोख, वर उजेड,
मधली रंगीत कडांची रेघ
चक्र फिरवत फुलीवर आणते.
१.४५६.
खोबरेल एवढं वाकवत नाही उजेडाला.

अल्कोहोलनं पुसते. नवा थेंब.
पुन्हा पुसते.
रेघ तिथंच.

वहीत आकडा लिहिते,
दशांशाचं टिंब पलीकडच्या पानावर उमटतं.
खिडकीशी येते तर
माझ्याच वेणीतून वास,
सकाळी लावलेल्या
त्याच घाण्याच्या तेलाचा.