टोचनवाल्याला विचारू नये

सायमा रुओनाव्हारा मला पेट्रोलपंपावर गाठते.
हातात बिल, बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं हिशोब:
महिना तीस, वर्षाचे तीनशेसाठ डॉलर,
म्हणजे निम्म्या हिवाळ्याचं मेपलचं सरपण.
"आर्व्हो, तूच सांग. ठेवू, की बंद करू?"

मला काय विचारतेस, बाई.
तू खड्ड्यात गेलीस की माझी चूल पेटते.
गाडीच्या छतातलं ते बटण दाबलंस तरी
टोचन करायला मीच येणार,
नाही दाबलंस तरी मीच.
दाबलंस तर एवढंच, की आधी
कुठल्यातरी उष्ण गावातली एक पोरगी
तुझं आडनाव तीनदा मोडते,
मग मला फोन लावते आणि विचारते,
हा रस्ता नेमका कुठं आहे?
मी सांगतो, सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाला,
नकाशाला जिथं कंटाळा येतो तिथं.

पण वेइक्कोचं घे.
शाळेचा रखवालदार, जानेवारीतली गोष्ट.
गाडी बर्चच्या झाडाला भिडली, फुगा फुटला,
हा बेशुद्ध. छतातून आवाज आला:
सर, ऐकू येतंय का? सर?
त्याला नाही आलं ऐकू.
गाडीनंच सांगितलं ती कुठं आहे ते,
आणि मी पोचलो तेव्हा
अँब्युलन्सवाल्यांनी त्याचे बूट काढले होते.
त्याच्या बायकोला विचार तीस डॉलर महाग का.
ती म्हणेल, तीनशे घ्या.

आणि हेल्मी पेल्टोला?
तिच्याकडेही हेच बटण, हाच पैसा.
पण झाडांच्या त्या बोगद्यात टॉवर पोचत नाही.
बटण दाबलं, दिवा लागला,
आणि नुसता दिवाच लागला.
मागच्या सीटवर कुत्र्याचं घोंगडं होतं,
कॉफीच्या रिकाम्या डब्यात एक मेणबत्ती,
आणि आज्याकडून आलेल्या फिनिश शिव्या.
तेवढ्यावर तिनं रात्र काढली.
पहाटे बर्फ ढकलणाऱ्या गाडीवाल्याला दिसली.
मेणबत्तीची किंमत ऐंशी सेंट.
आता मांड हिशोब.

सायमा हिशोब मांडत नाही.
बिल उलटं करून पुढची बाजू दाखवते.
वर नाव ओन्नीचं.
ओन्नीला जाऊन चौदा महिने झाले.

"एकदा दिवा लावायला गेला
आणि चुकून बटण दाबलं त्यानं.
आवाज आला, काय मदत करू?
हा म्हणाला, दिवा लावा.
मग बारा मिनिटं बोलत बसला,
मासे कसे धुरवायचे ते सांगत.
मी शेजारी बसून शरमेनं मेले.

बंद करायला मी फोन केला होता मार्चमध्ये.
पोरगी म्हणाली, खातं ओन्नी सरांचं आहे,
त्यांना देता का फोन?"

पंपाचा आकडा थांबला होता.
माझ्या हातात नळी तशीच.

"मी म्हटलं, बाहेर गेलाय.
आणि फोन ठेवला."

सांगायला होतं माझ्याकडे.
फावडं ठेव, घोंगडं ठेव, मेणबत्ती ठेव,
माझा नंबर फ्रीजवर चिकटव.
ते दर नोव्हेंबरला मी सगळ्यांनाच सांगतो.
या वेळी नळी जागेवर लावली,
टाकीचं झाकण दोनदा फिरवलं.

ती गाडीत बसली.
चारच वाजले होते, तरी अंधारून आलेलं.
किल्ली शोधायला दिवा लावायचा म्हणून
तिनं हात वर नेला,
चष्मा कपाळावर सारून नीट बघितलं,
आणि बटणाला धक्का लागणार नाही
अशा बेतानं
शेजारचा दिवा लावला.