कुलाडोंगर

नाक्यावरच्या रजिस्टरात चौथा रकाना: कारण.
विजूनं लिहिलं, डोंगर चढणे.
गार्डानं ते दोनदा वाचलं.
"हे काई कारण नोय भाऊ.
सायबाचं पत्र आना, मंग पाहू."
साहेब मिटिंगला. पत्र सोमवारी.
सोमवारी अन्सारचं वेल्डिंगचं दुकान, विजूची शाळा,
प्रतिभाची आरोग्य केंद्रात ड्यूटी.
नाल्याच्या पुलावर बसून डबे संपवले,
भाकर, ठेचा, बेसन,
आणि तो तिकडे
निळा, पाठ करून उभा.

पत्र यायला दिवाळी गेली.
पत्रात अकरा अटी. सातवी:
सोबत स्थानिक इसम असावा.
साबूलाल बेठेकर मिळाला,
आणि म्हणाला, मी स्थानिक नाही.
पायथ्याचं गाव उठून सहा वर्षं झाली,
आता तो अकोटकडे राहतो, सपाटीवर,
पत्र्याच्या घरांच्या रांगेत, एकोणिसावं घर.
"पन वाट मले ठाव हाये," म्हणाला.
"म्हंजे, होती."

डोंगराचं नाव त्यानंच सांगितलं.
आम्ही हसलो. चाळिशी उलटलेली चार माणसं,
मागच्या बाकावरच्यासारखी, पोट धरून.
कोरकूत कुला म्हणजे वाघ, तो म्हणाला,
आणि आमचं हसू संपेस्तोवर
चुन्याची डबी उघडत राहिला, लावत राहिला.

वाट तासभर होती.
मग रायमुनियानं गिळली.
विजूच्या मोबाईलात एक निळा ठिपका,
सगळ्या हिरव्यात एकटा, ना नाव ना रेघ.
मग तोही जागच्या जागी येरझाऱ्या घालू लागला.
प्रतिभा जुनी ओढणी फाडून
परतीसाठी झाडांना चिंध्या बांधत होती.
दोन तासांनी समोर एक वाकडा साग
आणि त्याला आमचीच चिंधी.
अन्सार खाली बसला, गुडघा चोळत म्हणाला,
"मी तं म्हणतो, यालेच शिखर समजा."

साबूलालनं वाट शोधली नाही.
त्यानं गाव शोधलं.
झुडपांत आधी एक चिंच, मग आंबा,
जात्याची फुटकी पाळ, बुजलेली विहीर,
एक ओटा, त्यावर कमरेइतकं वारूळ.
तिथं तो थांबला.
मग भिंत नसलेल्या, दार नसलेल्या जागेतून
थोडा वाकून आत गेला,
डोकं लागू नये म्हणून.
आतून आवाज दिला:
"या. मागल्या दारानं सरळ."

मागल्या दारानं सरळ म्हणजे
काळा खडक, घसरडं कुसळी गवत,
मुळांना धरून लोंबकळणारी एक सालई.
प्रतिभा वरून हात द्यायची, शिव्या देत.
अन्सारनं पावलं मोजली चारशेपर्यंत,
मग अल्लाचं नाव घेतलं,
मग नुसता श्वास.
पाणी उरलं होतं दीड बाटली, पाच जणांत,
आणि प्रत्येक जण
बाटली तोंडाला लावून
प्यायल्यासारखं करत होता.

वर काही नव्हतं.
वारा. शेंदूर उडालेला एक दगड.
दूर खाली, धुरकट सपाटीत,
कुणाचे तरी पत्रे चमकत होते.
विजूनं फोटोसाठी सगळ्यांना ओळीत उभं केलं.
साबूलाल आला नाही.
तो दगडाभोवतीचं गवत काढत होता,
सहा वर्षांचं,
मुठीमुठीनं, काही घाई नसल्यासारखा.
फोटोत कडेला त्याची पाठ आली आहे.

नाक्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता.
सकाळच्या गडबडीत साबूलालची नोंद राहून गेली होती.
गार्डानं टॉर्च धरली.
नाव. गाव.
गावाच्या रकान्यात त्यानं उठलेलं गावच लिहिलं.
कारणापाशी पेन थोडा वेळ हवेत.
मग लिहिलं: गवत.

"बेठेकर, गवत कापाले मनाई हाये."

"कापलं नाई," साबूलाल म्हणाला. "उपटलं."