चुकीचा रकाना

पारोळ्याच्या स्टँडमागे, कापसाच्या गोदामाला लागून
अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
दारात सबमर्सिबल पंप आडवे,
दवाखान्याबाहेर झोपलेल्या नातेवाइकांसारखे.
वार्निशचा वास तोच. वहीही तीच, लाल कापडी बांधणीची:
गाव, नाव, हॉर्सपॉवर, तांबं किती, बाकी किती.

सहा महिन्यांनी परतले, तर अण्णांनी
वेढे मोजता मोजता, मान वर न करता विचारलं,
"काय शिकी उनी वं तू तठे?"

काय सांगू?
ग्राझच्या टेस्ट बेंचवर तिसऱ्या आठवड्यात
एक मोटर गेली.
त्याआधीचं रीडिंग मी हळूच सुधारून ठेवलं होतं,
ते जास्त वाईट.
एडिथ कोग्लरनं कागद पुढे सरकवला,
वर तारीख, खाली कोरा.
तीन दिवस मी ओरडा खायची वाट पाहिली,
जेवताना, ट्रामच्या थांब्यावर,
शॉवरखालीसुद्धा पाठ आवळून.
ओरडा आलाच नाही.
चौथ्या दिवशी मोडक्या जर्मनमध्ये लिहिलं:
मोटर जळली नाही. मी जाळली.
क्रियापदाचा शेवट चुकला होता.
तिनं तेवढाच दुरुस्त केला.

आमच्याकडे मोटर नेहमी आपोआप जळते.
व्होल्टेज कमी होतं, बोअरला गाळ होता,
तांबं हलकं आलं, गिऱ्हाइकानं कोरडी चालवली.
हे अण्णांना कोणत्या तोंडानं सांगायचं?
म्हटलं, "बर्फ पाहिला."

मग पट्टी घेऊन वहीत एक उभी रेघ मारली,
वर लिहिलं, चूक.
पहिली नोंद माझी:
म्हसव्याची पाच हॉर्सपॉवर, एका स्लॉटला दोन वेढे कमी.
उकलून परत भरली. वायर आपली.

पंधरा दिवस त्या रकान्यात माझंच अक्षर.
अण्णा वही पालथी ठेवायचे,
गिऱ्हाईक आलं की तिच्यावर जेवणाचा डबा.

आज सकाळी दुकान झाडताना वही उघडी दिसली.
माझ्या अक्षराखाली निळ्या शाईत,
दाबून, पान उमटेल इतकं दाबून:
देवगावची साडेसात. सन अठ्ठ्याण्णव.
मन्ही चूक व्हती. पैसा लियेल व्हतात.

बाकी सगळी वही मराठीत,
एवढीच ओळ अहिराणीत.

बाहेर अण्णा मोपेड पुसत होते,
कुठे निघालेत ते न सांगता.