ओटीभर, अंदाजे

रेणापूरच्या अलीकडे, मन्मथअप्पांच्या एका एकरात
मी रात्री साडेआठला उतरते.
कपाळावर बॅटरी, खांद्याला पीव्हीसी नळ्यांची चौकट,
पिशवीत लातूरच्या गोलाईतून घेतलेल्या
लाल नेलपेंटच्या सहा बाटल्या.
दुकानदारानं विचारलं होतं, लग्न कुणाचं?

सोयाबीन दोन पानांवर आहे,
काही ठिकाणी नुसत्या देठांवर.
चौकट पाठीमागं फेकायची, न बघता,
म्हणजे जिथं जास्त दिसतात तिथं हात आपसूक जात नाही.
एका चौकटीत चौदा. पुढच्या दोन्हींत शून्य.
मग एक, तोही रिकामा शंख.
सर म्हणतात, शून्यसुद्धा लिही.
एवढं वाकून काही सापडलं नाही
हे लिहायला हात जड होतो.

मग रंगवणं.
शंख फडक्यानं पुसायचा, काठाशी एक थेंब,
वाळेपर्यंत फुंकर.
ती आत जाते. मग दोन शिंगं. मग चार.
एकशेवीस झाल्या तेव्हा दोन वाजून गेले होते.
जिथल्या तिथं सोडून दिल्या.

अप्पा बांधावरून बघत होते.
"गोगलगाय नि पोटात पाय म्हणत्यात,
अन् तू तिला नटवून माझ्याच रानात सोडायलीस?"
मी हिशोब सांगितला. दहा दिवसांनी परत धरायच्या,
त्यात लाल किती ते बघायचं.
लाल थोड्या, तर रान भरलेलं.
लाल पुष्कळ, तर ज्या आहेत त्या जवळपास ह्याच.
अप्पा बराच वेळ गप्प.
"म्हणजे वळखीचे किती भेटले, त्याच्यावरून जत्रा मोजायची."
हे मी प्रबंधात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

दहा दिवसांनी दीडशे धरल्या. लाल सहा.
एकशेवीस गुणिले दीडशे, भागिले सहा.
तीन हजार.
वहीत दोनदा लिहिलं, खाली रेघ मारली.

तेवढ्यात चतुराबाई, हातात मिठाच्या पाण्याची बादली.
बादलीमागं पैसे ठरवून ती रोज पहाटे गोगलगायी वेचते.
"तुझ्या रंगवलेल्या नाही टाकल्या ग ह्याच्यात.
कुणीतरी नटवलेलं, खारात कसं घालावं?
ओढ्यापल्याड सोडून आले."
किती?
"मोजतंय कोण बाई. ओटीभर."

गृहीतकं पाठ आहेत मला:
कुणी आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही,
खूण पुसत नाही,
खुणेमुळं कुणाच्या नशिबात फरक पडत नाही.
चतुराबाईची ओटी कुठल्याच ओळीत नव्हती.

त्या रात्री ओढा ओलांडून गेले.
सीताफळाच्या बुडाशी लाल ठिपके, एकतीस.
त्यांतले चार शंख भारद्वाजानं फोडलेले,
नेलपेंट तसंच चकचकीत.
रान एक एकर धरलं होतं मी. ते इथवर होतं,
आणि अजून कुठवर, कुणास ठाऊक.

फोन वाजला. सर. आकडा काय आला?
सकाळी सांगते म्हणाले.

खाली ठेवलेल्या चौकटीच्या नळीवरून एक चालली होती,
निम्मी आत, निम्मी बाहेर.
अशीचाही नियम आहे:
डाव्या बाजूवरची धरायची, उजवीवरची सोडायची.
बाजू डावी की उजवी, ते मी उभी कुठं यावर होतं,
आणि मी तर
चौकटीभोवती दोनदा फिरून झाले होते.