तेरावा महिना

अशोक चौकातून थोडं आत, पाण्याच्या टाकीकडं जाताना
माझी टपरी. रिचार्ज, कव्हर, काच,
आणि उन्हाळ्यात ताकाची पाकिटं,
कारण नुसत्या रिचार्जवर हल्ली चहासुद्धा सुटत नाही.

नागमणी कोंडा दर अठ्ठावीस दिवसांनी येते.
बोटांना तंबाखूचा वास,
पिशवीत बटणांचा फोन, त्याला रबर गुंडाळलेलं.
मुलगा भिवंडीत, मागावर. रात्रपाळीआधी फोन करतो.
ती करत नाही. तिला लावता येत नाही,
हिरवं बटण तेवढं ओळखते.

"परवाच तर मारलास की रे, अंबू."
परवा नाही अक्का, महिना झाला.
"कुठं झाला?"
कंपनीचा झाला.
खिळ्यावरचं कॅलेंडर काढून दाखवतो,
त्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं.
ती हसत नाही. बोटं मोजते,
एका रिचार्जला किती हजार विड्या,
पानं भिजवणं, कापणं, कारखान्यात नापास झालेल्या धरून.
मग म्हणते,
"अधिक मास तरी तीन वर्षांनी येतो.
त्यात जावई तरी जेवून जातो."

मी सरकारी टेलिफोनात होतो. केबल जॉइंटर.
एकतीस वर्षं खड्ड्यात, वर छत्री, खाली स्टोव्ह.
बाप मागावर तुटलेला ताणा सांधायचा,
मी तांबं सांधलं.
पांढरा लाल काळा पिवळा जांभळा,
निळा नारिंगी हिरवा तपकिरी राखाडी.
बायको म्हणते, अजून झोपेत पुटपुटता.

भवानी पेठेत चिप्पांच्या घरी फोन लागला,
नंबर लावल्यापासून सात वर्षांनी.
त्यांनी डबड्याला हार घातला, मला दोन पेढे.
वर्षभर गल्लीतल्या सगळ्या लग्नपत्रिकांवर
तोच नंबर, पुढं कंसात पी.पी.
चिप्पांची सून जिना उतरून हाका मारून दमली.

मग चौकाचौकात छत्र्या लागल्या.
दहा-बारा कंपन्या, सिम फुकट,
पाकिटावर "आयुष्यभर इनकमिंग".
कुणाचं आयुष्य, ते लिहिलं नव्हतं.
काही मेल्या, काही एकमेकींनी गिळल्या.
आता दोन धडधाकट, एक धापा टाकणारी,
आणि आमची, जिचा टॉवर विजेबरोबर जातो.
एकीनं दर वाढवला की आठवड्यात दुसरी वाढवते.
मंगळवारच्या बाजारात दोनच वांगीवाल्या असत्या
आणि अशा वागल्या असत्या,
तर अक्का त्यांना काय म्हणाली असती
ते तेलुगूत आहे, इथं लिहिता येत नाही.

मार्चमध्ये जोडभावी पेठ पोलिसांनी बोलावलं.
रात्री रस्ता खोदून जुनी केबल ओढणारी पोरं धरलेली.
दोनशे जोड्यांची केबल, अर्धी सोललेली, अर्धी जाळलेली.
"सरकारी माल आहे, ओळखाल का?"
एक तुकडा उचलला.
शेवटचा पीळ डावीकडं. बाप द्यायचा तसा.
ऑफिसात दुसरं कुणी देत नव्हतं.
ओळखलं, म्हणालो.
कसं, ते कुणी विचारलं नाही.
तांब्याचा भाव मात्र हवालदाराला पाठ होता.
पोरांतल्या एकाच्या खिशात फोन वाजत होता,
सारखा वाजत होता, आई असावी.

रिचार्ज गेला. चालू झाला का बघायला
मी माझ्या फोनवरून अक्काला रिंग देतो.
तिच्या हातात फोन थरथरतो.
ती हिरव्या बटणावर अंगठा ठेवते, दाबत नाही.
"तुझे पैसे जातील."
नाही जात अक्का. बोलायचे आता पैसे नाहीत,
दिवसभर बोल.
"मग मगाशी कशाचे घेतलेस?"

मी वही उघडतो, तिची पुढची तारीख लिहायला.
फोन वाजून वाजून थांबतो.
ती रबर पुन्हा गुंडाळते, दोन वेढे,
आणि ताकाचं पाकीट उचलून
त्याच्यावरची तारीख मला वाचायला सांगते.