मोहाची धार

कंपनीच्या पत्रकात नाव होतं सिल्व्हर फॉल्स.
मुक्ता लचके म्हणाली, आमच्यात मोहाची धार म्हणतात,
वर दोन मोह होते म्हणून.
आता एकच आहे. दोर त्यालाच बांधलाय.

बत्तीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये,
मी छापील ताव डोळ्यांखालून घातले.
डाग असेल तर बाजूला,
नसेल तर पुढे.
म्हणून आधी गाठ तपासली.
मग दुसरी गाठ, मग कडीचा स्क्रू,
मग मुक्ताला वय विचारलं.
तेवीस, म्हणाली,
आणि माझ्या कमरेचा पट्टा असा आवळला
जशी मामी नवरीच्या निऱ्या खोचते,
श्वास राहिला तर राहिला.

बारा जणांत साठीची मी एकटी.
पोरांनी मोबाइल पिशव्यांत घालून गळ्यात अडकवले होते.
अंबडच्या कारखान्यातला एक सुपरवायझर
तुम्ही व्हा पुढे, मी फोटो काढतो,
असं तिसऱ्यांदा म्हणत होता.
म्हणून मी पुढे झाले.
शौर्य वगैरे काही नाही,
रांग अडलेली मला बघवत नाही.

कड्यावर आधी कान गेले.
पाणी एवढं मोठ्यानं बोलत होतं
की बाकी सगळं मुकं.
मुक्ताचे फक्त ओठ हलत होते, हात सांगत होता,
मागे. मागे. अजून मागे.
आता बसा.

कशावर?
जन्मभर बसण्याआधी हातानं चाचपलंय मी,
पाट, खुर्ची, दवाखान्यातलं बाकडं,
ह्यांच्या उशाशी ठेवलेलं स्टूल.
इथे मागे नुसती हवा,
ओली, गार, कुणाचीच नसलेली.

बसले.

मग काळा दगड नाकासमोरून वर जायला लागला.
हेल्मेटवर पाणी, पत्र्यावर जोंधळे ओतावेत तसं.
सवयीनं मोजायला लागले, एक, दोन,
सतराला चुकले. पुन्हा एकपासून.
नवाला चुकले.
मग मोजलंच नाही.
कपारीतून एक खेकडा बघत होता,
उशिरा पंचिंग करणाऱ्याकडे साहेब बघतात तसा.
मी त्याला सॉरी म्हटलं. खरंच म्हटलं.

अर्ध्यावर, धारेच्या जरा कडेला,
दगडात खोबण्या दिसल्या.
एकीखाली एक, झिजून गुळगुळीत.
बूट टेकवायला गेले तर
बूट मावेना.

खाली मुक्ताच्या भावानं दोर सोडवला.
पाय माझेच होते, पण ऐकत नव्हते.
मागोमाग मुक्ता उतरली,
जिना उतरावा तशी, केससुद्धा न विस्कटता.
स्टोव्हवर चहा. त्यात गवती चहाचं पातं.

त्या खोबण्या कुणी केल्या गं?
पायांनी, ती म्हणाली.
फुंकर मारली, एक घोट घेतला.
मे महिन्यात वर थेंब नसतो, मावशी.
पाणी उरतं ते या डोहात.
आई यायची, काकू यायच्या, मी पण यायचे,
डोक्यावर दोन हंडे. उतरताना रिकामे असतात,
तेव्हा काही वाटत नाही.

आणि दोर?
दोर आत्ता आला. कंपनीबरोबर.

मला वाटलं ती आणखी काही बोलेल.
ती सुपरवायझरला हाक मारायला उठली,
तो अजून वरच होता, फोटो काढत.

माझ्या पिशवीत चौदाशेची पावती
भिजून लगदा झाली होती.
उजेडाला धरून बघितली, हात आपोआप वर गेला.
बाजूला ठेवावी की पुढे,
कळेना.

निघताना सगळ्यात खालच्या खोबणीत
तळहात घालून पाहिला.
नीट बसला.
आत, उजव्या अंगाला,
अंगठ्याची जागा वेगळी होती,
थोडी खोल.
तिथं पाणी साचलं होतं.