न गेलेला फ्यूज

मिक्सर लावला की जिन्यातला बल्ब मान टाकायचा.
आम्ही म्हणायचो, हेस्कॉमची लाईन कमी आली.
फ्रिजमागचं बटण गरम लागायचं.
आम्ही म्हणायचो, वडगावचा उन्हाळा.

भरमाण्णा आला. आधी नाकानं बघितलं घर.
मग सागवानी पट्टीवरून नख फिरवलं:
वायरवरचं कापड पिठासारखं गळलं.
"हात लावून बगालाय काय? नका."

फ्यूज ओढला.
चिनी मातीच्या त्या कपात आप्पांनी भरलेल्या
तांब्याच्या पाच तारा, पीळ देऊन,
रात्रपाळीत माग थांबू नये म्हणून.
एकदाही गेला नाही,
केवढं कौतुक होतं आम्हाला त्याचं!

"जायलाच ठेवत्यात त्याला," भरमाण्णा म्हणाला.
"ह्यो गेला नाही,
म्हणून भिंतीतनं घर जळालंय. सावकाश."

अर्थिंगची तार पेरूच्या बुंध्यापाशी
कशालाच न जोडता संपली होती.

यादी त्यानं कन्नडमध्ये लिहिली.
आकडा कुठल्याही भाषेत तेवढाच.

सध्या अर्धंच घर बदललंय.
उरलेल्या अर्ध्यापायी
नवा एमसीबी दिवसातून दोनदा पडतो.
खट्.
अंधारात मी खिशातल्या पाच तारा चाचपतो
आणि लगेच
वर करत नाही.